पाच स्पीकर आणि सहा दारं

मराठवाड्यात घरी होम थिएटर येण्याचा एक हंगाम असतो. खरीप निघतं, सोयाबीन लातूरच्या अडतीवर जातं, पट्टी हातात येते. तिच्यातून सोसायटीचं देणं, खतवाल्याची उधारी आणि पोराच्या ट्यूशनचा हप्ता वजा झाला की जे उरतं, त्याला घरातले तरुण 'शिल्लक' म्हणतात आणि वडीलधारे 'बियाण्याचे पैसे'. या दोन मतांच्या फटीतून स्पीकर घरात शिरतो.

मी नांदेडचा, सासुरवाडी लातूरची. या दोन शहरांत डावं-उजवं करणं जावयानं टाळावं. मुख्यमंत्री म्हणाल तर नांदेडनं दोन दिले, शंकरराव आणि अशोकराव. लातूरनंही दोनच, शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव. बॅलन्स इतका चोख की नॉबला हात लावायला नको. विभागीय आयुक्तालय कुठं असावं यावर मात्र 2009 पासून दोन्ही बाजूंनी आवाज चालूच आहे. पण नांदेडच्या तरोडा नाक्याच्या पुढचं घर बघा की लातूरच्या औसा रोडचं, हॉल दोन्हीकडं एकाच साच्यातला. बारा बाय सोळाचा, खाली चकचकीत फरशी, वर पीओपी, आणि भिंतींना मिळून सहा दारं: एक बाहेरचं, एक स्वयंपाकघराचं, दोन बेडरूमची, एक बाथरूमकडं जाणारं आणि एक जिन्याचं. उरलेल्या भिंतीवर शोकेस, कॅलेंडर, कूलरची खिडकी आणि वाडवडिलांचे फोटो. या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर बसवायचा, असं माझ्या मेहुण्यानं मागच्या दिवाळीत जाहीर केलं. खरेदीला तो नांदेडला आला, कारण लातूरच्या दुकानदाराला सगळं घर ओळखतं आणि किंमत संध्याकाळच्या आत मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कळली असती.

दुकानातली डेमोची खोली हा फसवणुकीचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. खाली गालिचा, चारी बाजूंना जाड पडदे, एसी, आणि मधोमध एकच खुर्ची. तिच्यात गिऱ्हाइकाला बसवून पहिल्यांदा हेलिकॉप्टर उडवतात. ते डाव्या कानामागून येतं, डोक्यावर घिरट्या घालतं आणि उजवीकडं निघून जातं. मग पाऊस पडतो. मग काचा फुटतात. मराठवाड्यात खरं हेलिकॉप्टर निवडणुकीत येतं आणि पाऊस त्याहून क्वचित, त्यामुळे दोन्ही फुकट बघायला मिळाल्यावर माणूस भारावतो. दोन माणसं समोरासमोर बसून बोलत आहेत, असा प्रसंग मात्र डेमोत कधी लावत नाहीत. घरी आल्यावर तर तेच ऐकायचं असतं.

"देखो सर," सेल्समन म्हणाला, "ये बारा हजार वॅट का है. पूरा घर हिलता इससे. नक्को बोले तो छोटा भी है." छोटा घ्या म्हणायला एवढ्यात कुणाची जीभ रेटणार?

खोकं लातूरला पोचलं आणि मामांच्या समोर आलं. मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा चढवला, खोकं चारी अंगांनी फिरवलं आणि मेहुण्याला विचारलं, "सॉकेट किती अँपिअरचं?"

"सहा."

"व्होल्टेज?"

"दोनशे तीस."

"झाले तेराशे ऐंशी वॅट. त्याच्या वर गेलं की फ्यूज उडाला पाहिजे. आन् बारा हजार म्हंजे पाच एचपीच्या तीन मोटारी एकदम. हे हॉलमधी लावायचं हाय का हिरीवर?"

मेहुणा गप्प. खोक्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खरा आकडा होता: आरएमएस 80 वॅट. वरचे बारा हजार हे पीएमपीओ, म्हणजे क्षणभरापुरते आणि बरेचसे कागदावरचे. सर्वसाधारण हॉलमध्ये रोजच्या आवाजाला स्पीकरमागं दोन-चार वॅटही पुरतात. पण दोन-चार वॅटचं खोकं गल्लीतून मिरवत आणता येत नाही.

आता मांडणी. शास्त्र असं सांगतं की टीव्हीकडं तोंड करून बसलेल्या माणसाच्या नाकासमोरची रेघ शून्य अंश धरावी. समोरचे डावे-उजवे स्पीकर तिथून 22 ते 30 अंशांवर, बोलण्याचा मधला स्पीकर बरोबर नाकासमोर, आणि मागचे दोन 110 ते 120 अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या जरा मागं, कानापेक्षा थोडे उंच. मेहुण्याचा मुलगा दहावीत. त्यानं कंपासपेटीतून कोनमापक काढला, सोफ्याच्या मध्यावर ठेवला आणि सुतळी ताणली. लातूरचं पोर, अर्ध्या अंशाची चूक नाही. निकाल असा लागला: डावा मागचा स्पीकर स्वयंपाकघराच्या दारात, उजवा कूलरच्या खिडकीत, आणि दोन्हींच्या पुढं बसायला हवा तो माणूस जवळजवळ भिंतीत.

कारण आपल्याकडं सोफा भिंतीला टेकलेलाच असतो. हॉलच्या मधोमध सोफा फक्त मालिकांमध्ये दिसतो. खऱ्या घरात मधली जागा रिकामीच हवी. तिथं सत्यनारायणाचा चौरंग मांडतात, पंगत बसते, उन्हाळ्यात पंख्याखाली कुरडया पसरतात, लग्नसराईत पाहुण्यांच्या गाद्या पडतात आणि भाव पडलेला असला की सोयाबीनची पोतीसुद्धा तिथंच थप्पीला लागतात. सोफा तीन फूट पुढं ओढा म्हणजे आवाज पाठीमागून नीट येईल, असं मेहुणा सुचवून बसला. सासूबाईंनी विचारलं, "आन् त्या तीन फुटांतला केर कोण काढणार?" सराउंड साउंडच्या एकाही माहितीपुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नाही. उपाय आहे तो एवढाच की मागचे स्पीकर मागं न लावता बाजूच्या भिंतींवर लावायचे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या दीड-दोन फूट वर, तोंड किंचित खाली झुकवून. डावीकडं आजोबांच्या फोटोच्या वर खिळ्याला जागा सापडली. त्यामुळे गोळीबाराचा प्रसंग सुरू झाला की फेट्यातले आजोबा थरथरतात.

या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी एक मोक्याची जागा असते. पाचही आवाज जिथं एकाच वेळी पोचतात ती. आवाज मोजूनमापून बसवणारे लोक याच एका जागेसाठी झुरतात. अजय-अतुलनी 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला जाऊन आख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, तोही घरात ऐकायचा तर याच जागेवरून ऐकावा. आणि सोफ्याच्या मधल्या जागेवर आपल्याकडं कोण बसतं? कुणीही नाही. पाहुणे कडेला बसतात, कारण कोपराला हात टेकायला लागतो. मामांची आरामखुर्ची दाराशी, कारण तिथून रस्ता दिसतो आणि चहा पहिल्यांदा त्यांच्याकडं येतो. सासूबाई दिवाणावर, उजव्या स्पीकरच्या तोंडाशी. त्यांना सिनेमातली फक्त उजवी पात्रं ऐकू येतात. मधल्या जागेवर असतात गच्चीवरून काढून आणलेले, घड्या न घातलेले कपडे. दुनियेतले मोठमोठे ध्वनिमुद्रक रात्री जागवून ज्या श्रोत्यासाठी आवाज बसवतात, तो श्रोता आमच्याकडं हा.

स्टीरिओचं पेटंट 1931 साली ज्यानं मागितलं, त्या अ‍ॅलन ब्लमलाइनबद्दल सांगतात की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पात्र पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं आणि यावर मला इलाज सापडला आहे, असं तो तिला म्हणाला. पुढं 1940 मध्ये डिस्नेनं 'फँटेशिया'साठी थिएटरभर स्पीकर लावले. आपल्याकडं 1975 च्या 'शोले'च्या 70 एमएम प्रतींना स्टीरिओफोनिक आवाज होता, आणि 1994 च्या '1942: अ लव्ह स्टोरी'पासून हिंदी सिनेमात डॉल्बी आली. मराठवाड्यातल्या गावांत या सगळ्या काळात एक कर्णा होता. गणपतीत चौकात पडदा बांधायचा, अर्धं गाव समोर बसायचं, उरलेलं पडद्याच्या मागं. मागच्यांना डावखुरा अमिताभ उजव्या हाताचा दिसायचा, पण कमी कुणाला पडत नव्हतं. तेव्हा स्पीकर एक होता आणि माणसं चहूबाजूंनी. आता माणूस एक आणि स्पीकर चहूबाजूंनी.

आणि खरं सांगायचं तर चहूबाजूंनी मधोमध येण्याची सोय लातूरनं फार आधी करून ठेवली आहे. गंज गोलाई बघा. फैयाजुद्दीन या नगररचनाकारानं तिची आखणी केली, 1917 साली ती दुमजली गोल इमारत उभी राहिली आणि सुमारे सोळा रस्ते तिथं येऊन मिळाले. कुठून सराफा, कुठून चपला, कुठून मिरची, कुठून गूळ. 5.1 आणि 7.1 वर खूश होणाऱ्या जगात हे सोळा चॅनेलचं काम. आणि सगळ्यांच्या मध्यावर कोण? अंबाबाई. मोक्याची जागा कुणाची हा वाद लातूरनं शंभर वर्षांपूर्वीच मिटवला. घरोघरचा अजून चालू आहे.

त्या वादात सगळ्यात आडमुठा भिडू सबवूफर. 5.1 मधला '.1' तो हाच. आकारानं सगळ्यांत मोठा आणि हिशेबात एक दशांश, घरातल्या मोठ्या जावयासारखा. त्याच्याकडून येणारा घुमारा इतका खालच्या पट्टीतला असतो की तो नेमका कुठून येतोय हे कानाला कळत नाही. त्यामुळे तो कुठंही ठेवला तरी चालतो असं दुकानदार सांगतो. तसं नसतं. कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि फरशी मिळून त्याला चढवतात, आणि हॉलमध्ये काही जागी आवाज छातीत बसतो तर दोन हातांवर गायब होतो. जागा शोधायची एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. सबवूफर माणसाच्या जागी, सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेनं फिरायचं. जिथं घुमारा भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथं तो ठेवायचा.

मेहुणा रांगायला लागला आणि त्याच वेळी आत्याबाई आल्या. सोफ्यावर काळं खोकं विराजमान, त्यात ढोल वाजतोय, आणि दोन लेकरांचा बाप चौरंगाच्या बाजूला कान जमिनीला लावून सरकतोय. त्या दारातच थांबल्या.

"काय हरवलं रे बाबा?"

"काही न्हाई आत्या. जागा बघायलोय."

"एवढं मोठं घर बांधलंस की," आत्याबाई हळहळल्या.

सापडलेली उत्तम जागा बाहेरच्या दाराच्या कडेला होती. तिथं ठेवायला मामांनी साफ नकार दिला, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरकर त्यानंतर कितीतरी दिवस अंगणात झोपले. त्या पिढीच्या माणसाचं एक शास्त्र आहे: माणूस आणि दार यांच्यामध्ये काहीही ठेवायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी सबवूफरनं जमिनीतून हुंकार दिला, शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या, आणि सिनेमा कुणाचा, कसला, हे कळायच्या आत मामा, सासूबाई आणि शेजारचे काका रस्त्यावर उभे होते. घरातली पोरं तेवढी आत बसून होती, कारण ती 1993 नंतरची. या भागात नसती शंका म्हणून कुणाला हसता येत नाही. 2022 मध्ये निलंग्याकडच्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येत होते, आणि 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीकडच्या 4.5 च्या धक्क्यानं नांदेडलाही हलवलं. त्या दिवशी आमच्या शेजारच्या घरात आई ओरडत होती, "त्यो डबा बंद कर आधी!" आणि डबा बंदच होता. तेव्हा सबवूफरची पातळी किती ठेवावी याचं मराठवाड्यापुरतं प्रमाण सांगतो: वयस्कर माणूस चप्पल शोधायला लागण्याच्या एक घर खाली.

मग येतो कूलर. गुढीपाडवा ते मृग या काळात आमच्या प्रत्येक हॉलमध्ये एक जास्तीचा चॅनेल चालू असतो आणि त्याच्यापुढं बाकीचे सगळे फिके. बाहेर 43-44 अंश, आत पत्र्याचा कूलर, त्याचा पंखा पत्र्याला घासतोय, पंप गुरगुरतोय, वाळ्यावरून पाणी ठिबकतंय. सिनेमात बर्फ पडत असला तरी आवाज पावसाचाच. त्याच्यावर मात करायला टीव्हीचा आवाज वाढवायचा, तो शेजारी जातो, शेजारी त्यांचा वाढवतात. निवासी भागात कायद्यानं दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती काटेकोर पाळायची ठरली तर पहिली जप्ती कूलरची होईल.

फिटिंगला आलेल्या पोरानं मात्र मन जिंकलं. पक्कड पिशवीत असताना त्यानं वायर दातानं सोलली, तांब्याच्या तारा चिमटीत पिळल्या, टोकाला थुंकी लावून खाचेत सरकवल्या आणि मान वर न करता म्हणाला, "लालला लाल, काळ्याला काळी. येवढं पाळलं की बस्स." एवढ्या वाक्यात अर्धी विद्या आली. एका स्पीकरची वायर उलटी जोडली तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा घुमारा खाऊन टाकतात. आवाज येतो, पण जीव नसतो. मागच्या दोन स्पीकरच्या वायरी केसिंगपट्टीतून नेल्या, तरी त्या स्वयंपाकघराच्या दाराला चौकटीवरून वळसा घालून गेल्याच. 'वायरलेस' मागचे स्पीकर घेतले असते तर बरं, असं मेहुणा म्हणाला. तेही मिळतात. त्यांना फक्त प्रत्येकी एक प्लग लागतो, आणि प्लगला वायर.

शेवटचं काम मोजमापाचं. ध्वनी साधारण एक मिलिसेकंदात एक फूट जातो. म्हणून कोणता स्पीकर किती लांब आहे ते यंत्राला सांगावं लागतं, म्हणजे जवळच्याला ते जरा थोपवून धरतं. त्यासाठी एक छोटा माइक मिळतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, आणि मग घरात दोन-तीन मिनिटं पूर्ण शांतता हवी. ही अट लिहिणारा माणूस मराठवाड्यात जेवायला आलेला नाही. यंत्राच्या चाचणीच्या पहिल्या 'फुस्स'ला कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्याला फेरीवाल्याच्या हातगाडीवरचा रेकॉर्ड केलेला आवाज आत आला. तिसऱ्याला सासूबाईंचा फोन वाजला आणि त्या माइकच्या शेजारी बसून म्हणाल्या, "हॅलो! आवाज यायलाय का?" यंत्रानं सगळं ऐकून निर्णय दिला की डावा मागचा स्पीकर चाळीस फुटांवर आहे. हॉल सोळा फुटांचा. मग भाच्यानं फरश्या मोजल्या. दोन बाय दोनच्या फरश्या, डावा स्पीकर साडेतीन फरश्या, म्हणजे सात फूट. उजवा चार. टेप न उघडता काम झालं, आणि आजपर्यंत त्यात फरक करावा लागलेला नाही.

आवाज खरोखर चांगला झाला. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे टाळी वाजवली की जो झंकार उठत होता, तो दारावरच्या जाड पडद्यांनी आणि सासूबाईंच्या जुन्या सतरंजीनं पुष्कळ खाल्ला. मधला स्पीकर शोकेसमधून बाहेर काढून टीव्हीखाली अगदी कडेवर ठेवला आणि त्याचं तोंड जरा वर केलं, तेव्हा पात्रं काय बोलतात तेही कळायला लागलं. 'गाणं लई मोठं, बोलणं न्हाईच' ही जी घरोघरची तक्रार असते, तिचं मूळ नव्वद टक्के वेळा असं शोकेसमध्ये कोंबलेलं असतं. मोजून एक उन्हाळा घरानं सिनेमे पाहिले. मग भाच्याचा दहावीचा निकाल लागला.

लातुरात दहावीचा निकाल चांगला लागला की घराचा आवाज जातो. अकरावी, बारावी, नीट. केबल बंद, पाहुणे बंद, कुकरची शिट्टीसुद्धा दोनच्या वर नाही. ज्या गल्लीत पन्नास पोरं डॉक्टर व्हायला बाहेरगावाहून येऊन राहतात, त्या गल्लीत हेलिकॉप्टर उडवणाऱ्याला समाज जगू देत नाही. पाचही स्पीकरांवर क्रोशाचे रुमाल पडले. सबवूफरवर झाकण घालून त्याच्यावर जीवशास्त्राच्या नोट्स ठेवल्या गेल्या. त्याची उंची त्या कामाला नेमकी आहे. भाच्याची नीट होईल तेव्हा धाकटी दहावीत असेल.

परवा शेजारचे काका मामांकडं विचारायला आले. त्यांचं सोयाबीन विकलं गेलं होतं आणि त्यांच्या पोरानं पाच स्पीकरांचा हट्ट धरला होता. मामांनी आरामखुर्चीतून मोजक्या शब्दांत तांत्रिक सल्ला दिला. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, बुडातला बारीक वाचा. आधी समोरचे तीन घ्या, आणि त्यातला मधला सगळ्यात चांगला घ्या. सबवूफर लहान घ्या. उरलेल्या पैशात पडदे शिवा. मागचे दोन आत्ता नकोच.

"का ओ? पोरगं म्हणतंय मागच्याशिवाय मजा न्हाई."

"समोरचा काय बोलायलाय ते आधी नीट ऐकू येऊ द्या," मामा म्हणाले. "मागून बोलणारे आपल्याकडं फुकट लई हायेत."